लिंबू न घेणारी गाडी

आम्ही तिघं मित्र सोलापुरात बसून रेल्वे हवेत उचलायच्या मागे लागलो होतो. नवा मार्ग बांधायचा नाही, आहेत त्याच रुळांवर चुंबकाच्या जोरावर गाडी बोटभर उंच तरंगवायची, असा बेत. त्यासाठी मी पुण्यातली नोकरी सोडली म्हटल्यावर टेंभुर्णीला आमच्या घरी सुतक पाळायचंच काय ते बाकी राहिलं. पाहुण्यांत मात्र वडिलांनी "पोरगं रेल्वेत लागलंय" असं ठोकून दिलं, आणि मला स्थळं यायला लागली.

आमची कंपनी म्हणजे पूर्व भागातली एक रिकामी यंत्रमागाची शेड, त्यात थोडेसे रूळ आणि एक ट्रॉली. शेडच्या मालकीणबाई म्हाताऱ्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणायची, म्हणून आम्हीही. त्यांचे माग आदल्या वर्षी भंगारात गेले होते, आणि भाचा टॉवेलच्या गोडाऊनसाठी शेड मागत होता. अम्मांनी आम्हाला तोंडावर सांगितलं, "दसऱ्याला मशिनची पूजा नीट झाली तर ऱ्हावा. न्हाय झाली तर शेड भाच्याला."

पूजेत काय अवघड, असं आम्हाला वाटलं. हौसेने आम्ही पैसे गुंतवणाऱ्या पुण्याच्या साहेबांनाही दसऱ्याचंच बोलावणं धाडलं. साहेब आले, शेंगाचटणी भाजीसारखी खाल्ली आणि बराच वेळ नुसतेच पाणी पीत बसले.

मग पूजा. ट्रॉलीला झेंडूचा हार घातला, रुळांना हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. एका मित्राने बटण दाबलं तशी चाकं रुळापासून बोटभर वर उचलली गेली. साहेबांनी खाली वाकून पाहिलं आणि मान डोलावली. तेवढ्यात अम्मा चाकांपुढे लिंबं मांडायला लागल्या. नव्या गाडीने लिंबू चिरडल्याशिवाय पूजा पुरी होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. तीन इंजिनिअरांना तेवढं सुचलं नव्हतं.

ट्रॉली ढकलली. तरंगणाऱ्या चाकांनी लिंबांना नुसता धक्का दिला आणि ती टपाटप रुळांवरून खाली पडली. अम्मांनी पुन्हा मांडली, पुन्हा खाली.

"लिंबू घेईना की ओ ही!"

मग त्याच मित्राने शहाणपणा केला. लिंबाच्या चकत्या कापून रुळांवर ठेवल्या. ट्रॉली त्यांच्यावरून अलगद गेली, एकीलाही न शिवता. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. अम्मांचा चेहरा उतरला.

"शिवलं बी न्हाय? आन् ह्याला टाळ्या कशापायी?"

मित्राने ट्रॉली मागे आणून नेमकी चकत्यांवर उभी केली. मी साहेबांना हळूच म्हणालो, "क्षणभर बंद करू का? खाली टेकली की पूजा होऊन जाईल."

"माझा चहा संपेपर्यंत तरंगली तरच पुढचं बोलू," साहेब म्हणाले आणि त्यांनी कप उचलला. इकडे आड, तिकडे विहीर. टेकवली तर साहेब जाणार, तरंगत ठेवली तर शेड जाणार. साहेब चहाही फुंकर घालून घालून पीत होते. मला खरंच रडू यायला लागलं.

"ह्या शेडमधी दसऱ्याला मशिन पुजलं न्हाय असं कधी झालं न्हाय," अम्मा म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते. मग त्यांनी पदर खोचला, "सरका" म्हणाल्या आणि थेट ट्रॉलीवर जाऊन बसल्या.

माणूस बसवायची आमची कधी छाती झाली नव्हती. अम्मा तशा अंगाने भरलेल्या. ट्रॉली दबली, चकत्या पचकन फुटल्या आणि रस उडाला तो साहेबांच्या चष्म्यावर. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर ट्रॉली अजून वरच होती. पूर्वीएवढी नाही, पण वर.

मी मागून हात लावला. अम्मांसकट ट्रॉली सरकली, आणि माझ्या हाताला वजनच लागेना. इतके महिने लोक म्हणत होते आणि मनातून मीही म्हणत होतो की हे खूळ आहे. त्या क्षणी मला एवढा आनंद झाला की मी मोठ्याने ओरडलोच.

साहेब चष्मा पुसत विचारत होते, "किती वजन पेललं हो हे?" आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि अम्मांना विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

रूळ संपले तरी अम्मा उतरेनात. "परत मागं ने की," म्हणाल्या. नेली. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. शेवटी तिथूनच त्यांनी मला भाच्याला फोन लावायला सांगितला. मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

"टावेल दुसरीकडं कुटं तरी ठेव रे बाबा," अम्मा म्हणाल्या. "हितं माझी गाडी हाय."