शंभरातले वीस

किहियोचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. त्याची बायको म्वानाईशा त्याच्या आधी उठून चूल पेटवायची. बिनदुधाचा चहा, कालच्या उगालीचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्याचा तुकडा, आणि कोयता घेऊन तो घायपाताच्या मळ्याकडे निघायचा. ऊन चढायच्या आत अर्धं काम उरकलं नाही तर उरलेलं अर्धं दुप्पट जड जातं. आमच्या टांगा भागात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पाळणारे थोडे. किहियो पाळायचा. मी त्याच्या शेजारच्या ओळीत तोडायचो, म्हणून सांगतो.

पान बुंध्याशी, एका घावात. तीस पानांची एक जुडी. जुडी बांधून खांद्यावर घ्यायची आणि रस्त्याच्या कडेला रचायची. अशा ऐंशी जुड्या म्हणजे एक दिवस, आणि एका दिवसाचे चार हजार शिलिंग. काम अर्धवट राहिलं तर जुडीप्रमाणे पैसे.

गावी त्याच्या घराच्या भिंती उभ्या होत्या, वर छप्पर नव्हतं. दर पावसाळ्यात भिंती वितळायच्या, दर उन्हाळ्यात तो लिंपायचा. त्याला पत्रे घालायचे होते, तेही हातात कोयता पेलतोय तोवर. तोडणं थांबलं की मळ्याच्या चाळीतली खोली सोडावी लागते, तिथे कुणाला सवलत नसते.

एका शनिवारी मालकांचा कारकून सेंकोरो पानं भरायच्या ट्रकवर चढून बोलला. "सोमवारपासून दिवसाच्या जुड्या शंभर. काम वाढतंय तसा पगारही वाढतोय. असिलिमिया वीस. बोला, हो की नाही?"

असिलिमिया म्हणजे टक्का. पण त्या शब्दाच्या पोटात 'मिया' आहे, म्हणजे शंभर. तो ऐकला की आमचा माणूस आधी शंभर कुठे आहेत ते शोधतो. त्या दिवशी ते शोधावे लागले नाहीत.

किहियो कामगार समितीत होता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले, तसा तो उठला.

"आता जुड्या किती? शंभर. त्यातल्या वाढीव किती? वीस. शंभरात वीस काम वाढलं, शंभरात वीस पगार वाढला. चोख आहे."

"बघ हां मामा," हिझा म्हणाला. हा आमच्याच ओळींतला, तोंडाचा तिखट. "तुझ्या शब्दावर अंगठा लावतोय."

"लाव. हवं तर दोन्ही हातांचा लाव."

लोक हसले. करार दोन वर्षांचा झाला.

पहिल्या महिन्यात रोजचे चार हजार आठशे हातात पडले. किहियो खूश होता. पाठ मोडत होती, पण पाठीचं तो कधी बोलायचा नाही.

मग एक दिवस पानांतून वाख काढायचं यंत्र बंद पडलं आणि आम्हाला दुपारीच घरी पाठवलं. किहियोच्या चाळीस जुड्या झाल्या होत्या. सेंकोरोने त्याला एक हजार नऊशे वीस दिले.

"ऐंशी कमी आहेत," किहियो म्हणाला. "चाळीस जुड्यांचे दोन हजार. आजवर तेच मिळाले."

"तेव्हा जुडीला पन्नास पडायचे. आता अठ्ठेचाळीस."

"पगार वाढून जुडी स्वस्त कशी झाली?"

सेंकोरोने मान वर केली नाही. "बाबा, वाढ जुन्यावर मोजतात. जुन्या जुड्या ऐंशी, वाढल्या वीस. विसाला ऐंशीने भागा, शंभराने गुणा. पंचवीस येतात. काम पंचवीस टक्क्यांनी वाढलं, पगार विसाने. तुम्ही नव्या शंभराने भागलंत."

"म्हणजे रोजचे पाच हजार व्हायला हवे होते."

"हो."

"हे तुला त्या दिवशी ठाऊक होतं?"

"मला कुणी विचारलं? मी एवढंच म्हणालो, हो की नाही. समजावून तर तुम्हीच सांगितलंत."

माणशी रोज दोनशे शिलिंग गेले, तेही दोन वर्षं. हिझाने किहियोचं नाव 'असिलिमिया' पाडलं. जेवायला बसलो की म्हणायचा, "असिलिमियामामा, तुला उगाली वाढू? नव्याने भागून वाढतो, म्हणजे मला जास्त उरेल." पुढे हिझानेही चेष्टा सोडली. मग किहियोशी फारसं कुणी बोलेनासं झालं.

तो शंभर जुड्या संपल्यावरही मळ्यात थांबायला लागला. वर आणखी चार, कधी पाच, जुडीला तेच अठ्ठेचाळीस.

"अहो, दोनशे शिलिंगांसाठी जीव देणार का?" म्वानाईशाने विचारलं.

"दोनशे रोजचे. त्यात पत्रे आहेत."

घायपाताच्या पानाला शेंड्यावर काटा असतो, दाभणासारखा. जुडी बांधण्याआधी प्रत्येक पानाचा काटा छाटायचा असतो. त्यात वेळ जातो. किहियोने ते सोडलं. मी त्याला बोललो. तो म्हणाला, "छाटण्याचे पैसे कोण देतं?" ते खरं होतं. पण ते न करणं म्हणजे काम अर्धवट टाकणं, आणि तो तसा माणूस नव्हता.

एका संध्याकाळी वाकून जुडी खांद्यावर घेताना काटा डाव्या डोळ्यात गेला.

मळ्याच्या दवाखान्यात डोळा धुऊन पट्टी बांधली. मालकांनी सांगितलं, दिवसाचं काम संपलं होतं, वरच्या जुड्या त्याच्या हौसेच्या. खर्च मिळणार नाही. शहरातल्या इस्पितळात डोळा काढावा लागला.

एका डोळ्याने कोयत्याचं अंतर कळत नाही. तो चार दिवस तोडायला आला, पाचव्या दिवशी स्वतःच्या नडगीवर घाव घातला. त्याला कमी केलं आणि खोली सोडायला सांगितलं.

करार संपला तेव्हा नव्या समितीने जुन्या ऐंशीवर मोजून पंचवीस टक्के मागितले. सेंकोरो म्हणाला, "यंदा जुड्या शंभराच्या शंभरच आहेत. वाढ कुठली मोजताय?"

किहियो गावी गवताच्या छपराखाली राहतो. पत्र्यांचे पैसे डोळा काढायला लागले. उरले ते ट्रकवाल्याने घेतले, खाट आणि भांडी गावी नेण्याचे.