बुडापेस्टची आंबट पानं

हे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस स्वतःशीच भांडले. आमच्या घरात देव्हारा नाही, पत्रकांचे गठ्ठे आहेत. बाबा एका छापखान्यात प्रूफं तपासायचे आणि संध्याकाळी बुवाबाजीविरुद्धची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. कॉलेजात असताना अंगात येणाऱ्या एका बाईंसमोर उभं राहून मी जाहीर प्रश्न विचारलेत आणि शिव्याही खाल्ल्यात. त्यामुळे ‘अनुभव’ सांगणाऱ्यांना मी काय काय बोलले असेन, याची कल्पना करा. आता माझी पाळी आहे... बोला.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बाबांच्या घशावर रेडिएशनचे उपचार झाले होते. आजार आटोक्यात होता, पण तोंडाची चव पार गेली होती. गिळता यायचं, तरी ते खात नव्हते. वरण म्हणजे ओली माती, दूध म्हणजे चुना, असं म्हणायचे. वजन उतरत चाललं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं – या आठवड्यात पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. बाबांना त्या नळीची फार धास्ती होती. बोलून दाखवायचे नाहीत, एवढंच.

नेमकं त्याच आठवड्यात मला बुडापेस्टला तरुण लेखकांच्या एका कार्यशाळेला जायचं होतं. मी रद्द करायला निघाले.

“इथे बसून काय करणार आहेस?” बाबा म्हणाले. “नवस?”

“अहो, ती राहते म्हणतेय तर राहू दे की,” आई म्हणाली.

“राहून माझ्या वाटचं जेवणार आहे का ती? जाऊ दे तिला.”

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आपणहून एकच गोष्ट मागितली. चुक्याची भाजी. आई मंडईत दोनदा जाऊन आली. पालक होता, चाकवत होता, चुका नव्हता. शनिवार पेठेतल्या आमच्या घरापासून मंडई चालत जाण्याएवढी जवळ, त्यामुळे भाजीवाल्या मावशी ओळखीच्या. त्याही म्हणाल्या, “उन्हानं जळाला सगळा. कुठून आणू?”

बुडापेस्टला एका मोकळ्या सकाळी मी तिथलं मोठं मार्केट बघायला गेले. बाहेरून ते रेल्वे स्टेशनसारखं दिसतं. आत शिरले आणि थांबलेच. उंचच उंच लोखंडी कमानी, वरच्या काचांमधून खाली उतरणारा दुधाळ उजेड, आणि त्या उजेडात तरंगल्यासारखे हजारो लोक. लाल मिरच्यांच्या माळा, लसणाच्या वेण्या, लोणच्याच्या बरण्या. आवाज होता, पण पाण्याखालून यावा तसा. मी मान वर करून चालत राहिले आणि माझ्या पायांना जणू रस्ता माहीत होता. खांद्याला आईने शिवलेली पिवळी पिशवी. जुन्या पडद्याची, बंद मात्र बाबांच्या निळ्या चौकड्याच्या शर्टाचे. अशी एकच शिवली होती तिने. पडदा तेवढाच उरला होता.

एका कोपऱ्यात डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या बाई होत्या. मी त्यांच्याकडून थोड्या सुक्या मिरच्या घेतल्या. पैसे दिले. आणि मग मी ते केलं जे मंडईत वाढलेली कोणतीही मुलगी करेल – पिशवीचं तोंड उघडं धरून तशीच उभी राहिले, वरच्या कढीपत्त्यासाठी. “मावशी, वर काहीतरी टाका की,” असं चक्क मराठीत म्हणालेसुद्धा.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “कोणासाठी?”

कोणत्या भाषेत म्हणाल्या, ते मला आजही सांगता येत नाही. मला कळलं, एवढं खरं. मी म्हणाले, “बाबांसाठी.”

त्यांनी खाली वाकून हिरव्या पानांची मोठी जुडी काढली आणि पिशवीत ठेवली. मी एक पान चावून बघितलं. आंबट. चुकाच... फक्त पानं लांबट, भाल्याच्या पात्यासारखी.

मी वरच्या गॅलरीत जाऊन बाकावर बसले. पिशवी पायाशी. खाली सगळा बाजार हळूहळू हलत होता, काचांमधला उजेड सरकत होता. मनात एकच विचार होता – ही भाजी आत्ता घरी असायला हवी होती. डोळा लागला का? असेलही. भानावर आले तेव्हा पिशवी नव्हती.

खाली धावले. बाई तिथेच होत्या. त्यांच्या फळीवर मिरच्या आणि लसूण, पालेभाजीचं एक पानही नाही. मी खुणेने पिशवीबद्दल विचारलं. त्यांनी शांतपणे हात लांब करून मोठ्या दाराकडे दाखवलं. म्हणजे, गेली.

तिकडची सकाळ म्हणजे पुण्यातली दुपार. हॉटेलवर पोचते तोच आईचा फोन.

“अगं, चुका कोणाकडून पाठवलास? नावही न सांगता दाराच्या कडीला अडकवून गेलंय कोणीतरी.”

“कशात?”

“तुझ्या पिवळ्या पिशवीत. मला वाटलं, तू नेलीस बरोबर. पानं जरा लांबट आहेत, पण शिजली छान. हरभऱ्याची डाळ घालून मऊ घोटली, वर लसणाची फोडणी. वाटीभर खाल्ली यांनी. आंबट लागतंय म्हणाले.”

मी तिला फोटो पाठवायला सांगितला. पडदा तोच. निळे चौकडे तेच. सकाळी मार्केटमध्ये त्याच पिशवीसोबत काढलेला सेल्फी माझ्या फोनमध्ये होता.

नळी लागली नाही. त्या वाटीनंतर बाबा हळूहळू खायला लागले. परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. मी थकले होते का, औषध घेतलं होतं का, दुसरी पिशवी असेल का. खालच्या मजल्यापासून छापखान्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं. भाजी कोणी आणली नव्हती. शेवटी ते म्हणाले, “लिही. आपल्या सोयीचं नाही म्हणून दाबायचं नाही. फक्त चमत्कार म्हणू नकोस.”

म्हणत नाही. आणि या लेखाची कात्रणं दाखवून कोणी ताईत विकायला बसला, तर त्याच्यासमोर प्रश्न घेऊन पहिली मी उभी असेन. पण हे कसं झालं, हे मला माहीत नाही. आजही नाही.

मंडईत पुन्हा चुका यायला लागला तेव्हा आईने तशीच भाजी केली. तीच डाळ, तीच फोडणी. बाबांनी पहिला घास तोंडात बराच वेळ धरून ठेवला. आई पदराला हात पुसत उभी होती.

“चांगली झालीय,” ते म्हणाले. “पण ती नाही.”

आणि त्यांनी आणखी वाढून घेतली.