वरची वाटी, खालची वाटी

आमच्या शिरड शहापूरच्या बाजूला पितळेवर जीव टाकणारी माणसं घरोघर होती. पण पितळेवर जीवही टाकायचा आणि त्याच पितळेवर काडीचा भरवसा ठेवायचा नाही, असा माणूस साऱ्या मुलखात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. मी त्यांना मामंजी म्हणायची. म्हणजे मनातल्या मनात म्हणायची, कारण सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही ही आमच्या घरची रीत होती. माझे सख्खे सासू-सासरे लग्नाआधीच वारलेले, नवरा दिवसभर शेतात, त्यामुळं घरात सत्ता मामंजींची आणि आत्याबाईंची, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंची. मला मामंजींना काही विचारायचं झालं तर मी आत्याबाईंना विचारायचं, आत्याबाईंनी मामंजींना. मामंजी उत्तर द्यायचे ते ओसरीच्या खांबाकडं बघून, "सूनबाईला सांगा" असं म्हणून. मी त्या वेळी खांबापासून दोन हातांवर उभी असायची. सहा वर्षं मी त्या खांबाशी संसार केला असं म्हटलं तरी चालेल.

मामंजींकडं एक सहाबारी रिव्हॉल्व्हर होतं. त्यांच्या वडिलांना कुण्या अंमलदारानं खूश होऊन परवान्यासकट मिळवून दिलेलं. परवान्यात 'रानडुकरांपासून पिकाच्या बंदोबस्तासाठी' असं लिहिलेलं होतं. डुकरांना हे कुणी वाचून दाखवलं नसावं. ती आमच्या तुरीत निवांत चरायची आणि मामंजी बांधावरून दिसले तर फार तर मान वर करून बघायची. खरं सांगायचं तर त्या हत्याराला वर्षातून एकच काम होतं. पोळ्याच्या दिवशी वेशीत तोरणाखाली गावचे सगळे बैल येऊन उभे राहायचे, दिवस कलला की मामंजी आभाळाकडं एक बार काढायचे, आणि तो बार झाला की तोरणाखालून पहिली जोडी निघायची, ती आमच्या घरची. हा मान तीन पिढ्यांचा. मामंजींना मूलबाळ नव्हतं, जमीनही बेताचीच होती; गावात त्यांचं म्हणून जे काही होतं ते या एका बारात होतं.

तेव्हा लढाई चालू होती आणि हैदराबादहून नवी काडतुसं यायची बंद झाली होती. म्हणून मामंजी उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या घेऊन त्याच पुन्हा घरी भरायचे. दारू, शिसं, बुडाशी बसवायची ठिणगीची टोपी यांचं ते कुठून कुठून जमवून आणायचे, त्यात त्यांना कधी तकलीफ वाटली नाही. घोडं पेंड खायचं ते पुंगळीपाशी. काही पुंगळ्या हिंगोलीच्या जुन्या छावणीतल्या भंगारातून आलेल्या, काही जवळा बाजारच्या भांड्यांच्या मोडीतून वेचलेल्या, काही कुण्या शिकाऱ्यानं मेहेरबानी म्हणून दिलेल्या. एकीसारखी दुसरी नाही. एक जाड तर एक कागदासारखी, एक बोटभर वर तर एक आखूड, एक रिव्हॉल्व्हरच्या चाकात सुळकन जाणारी तर दुसरी जावयासारखी दारातच अडून बसणारी. बार काढला की कधी तोंडाशी चीर पडायची, कधी पुंगळी आतच फुगून बसायची आणि मग ती काढायला लोखंडी सळई आणि आत्याबाईंचा बत्ता लागायचा.

त्यामुळं मामंजींचा सगळा जन्म पुंगळ्यांची पारख करण्यात चालला होता. सकाळी स्नान झालं की ते ओसरीवर मांडी घालून बसायचे. पुंगळी उन्हाकडं धरून तिच्यातून आभाळ बघायचे, तिचा काठ जिभेला लावायचे, मग डाव्या हातावर ठेवून उजव्या अंगठ्याच्या नखानं तिला टिचकी मारायचे आणि कान देऊन, डोळे मिटून ऐकायचे. मनासारखा आवाज आला की पुंगळी फडताळावरच्या वाटीत जायची. नाहीतर जमिनीवरच्या वाटीत. एक वरची वाटी, एक खालची वाटी. कोणतीत दारू जास्त मावते हे बघायला ते पुंगळ्यांत मोहरी भरून बघत, आणि ती मोहरी मोठ्या काटकसरीनं परत डब्यात टाकत. आमच्या घरच्या फोडणीला त्यामुळं एक वेगळाच वास यायचा. सेनगावकडचे एक पाहुणे वरण खाऊन इतके खूश झाले की त्यांनी आत्याबाईंना मसाला विचारला. आत्याबाईंनी मामंजींकडं बोट दाखवलं.

पुढं पुढं ही खोड पुंगळ्यांपुरती राहिली नाही. मामंजी माणसंही दोन वाट्यांत टाकायला लागले. गावचा पुजारी वरच्या वाटीतला, त्याचा भाऊ खालच्या. औंढ्याचा सराफ खालच्या, पण त्याचा मुनीम वरच्या. एकदा कुणाच्या मुलीसाठी आलेलं स्थळ बघायला त्यांना नेलं होतं. सगळ्यांनी मुलाला शेती विचारली, मामंजींनी त्याला फक्त मोठ्यानं खोकून दाखवायला सांगितलं आणि बाहेर येऊन 'खालची' एवढंच म्हणाले. लग्न मोडलं. मुलाकडचे लोक कित्येक वर्षं विचारत होते की खोकल्यात काय चुकलं.

माझी वाटी कोणती हे मला लग्नाच्या चौथ्याच दिवशी कळलं. मी तेव्हा अंगानं काटकुळी होते, त्यात लग्नाच्या दगदगीनं ताप भरलेला. मामंजींनी मला ओसरीवरून आत जाताना एकदा बघितलं आणि खांबाला सांगितलं, "पत्रा पातळ हाय. एका भडक्यात जाईल ही." मी माजघरात ते ऐकलं आणि मला इतका राग आला की ताप उतरला. त्या दिवसापासून मी स्वयंपाक करता करता त्यांच्या टिचक्या ऐकायला लागले. यांना एवढं कळतं तरी काय ते बघू, असा माझा मनातला भाव. चुलीपाशी बसून मी आवाज ऐकायची आणि वरची की खालची ते आधीच ठरवायची. पहिल्या वर्षी माझं बरंच चुकलं. मग चुकेना. मग असं व्हायला लागलं की मामंजींनी एखादी पुंगळी खाली टाकली की मला वाटायचं, यांचं चुकलं. आवाज बारीक होता, पण त्यात फट नव्हती. जाड पुंगळ्यांना ते भुलायचे. दणकट दिसणाऱ्या गोष्टींना भुलायचा त्यांचा स्वभावच होता. म्हैसही त्यांनी अशीच आणली होती आणि ती दूध देत नव्हती. पण हे सांगायचं कुणाला? खांबाला?

आणि व्हायचं तेच झालं. एका पोळ्याला बार काढला तर नुसतं 'फुस्स' झालं आणि नळीतून बिडीइतका धूर आला. बैल उभेच. दुसऱ्या वर्षी आवाजच आला नाही. मामंजी आभाळाकडं हात करून उभे राहिले ते इतका वेळ की लोकांना वाटलं आता हात उतरत नाही. शेवटी वरच्या आळीतल्या एका पाटलानं आपली ठासणीची बंदूक आणून बार काढला, तेव्हा कुठं बैल हलले. त्या पाटलाच्या घरात आणि आमच्या घरात जुनं वाकडं होतं. मारुतीच्या पारावर बैठक बसली आणि गावानं ठरवलं की पुढल्या पोळ्याला एक संधी. तवाबी बार झाला न्हाई तर मान पाटलाकडं जाईल, आणि पहिली जोडीही त्याची. मामंजी बैठकीतून घरी आले, जेवले नाहीत. रिव्हॉल्व्हर खुंटीला अडकवलं आणि वर्षभर दुसरं काही केलं नाही. साऱ्या पुंगळ्या पुन्हा तपासल्या, वरच्या वाटीतूनही काढून काढून खाली टाकल्या. पोळा आला तेव्हा वरच्या वाटीत चार पुंगळ्या उरल्या होत्या. चारही जाडजूड, गुबगुबीत, मामंजींच्या जिवाचे तुकडे.

पोळ्याच्या दिवशी सकाळी आमच्याकडं घरातलं सगळं पितळ चिंचेनं घासायचं असतं. देव, समया, तांब्ये आणि बैलांच्या शिंगांना लावायच्या शेंब्या, म्हणजे टोकांवर बसवायच्या पितळी टोप्या. मामंजी खांबाला म्हणाले, सूनबाईला सांगा, चार पुंगळ्याही उजळून ठेवा, दारू मी दुपारी ताजी भरीन. मी घासल्या. सगळं लख्ख करून एका परातीत ठेवलं. तेवढ्यात आमचा सालगडी लिंबाजी आला आणि म्हणाला, "वहिनी, दोन गोऱ्हे औंदा पहिल्यांदा तोरणाखाली जाऊन राहिले. त्यांच्या शेंब्या कोनच्या?" मला ठाऊक नव्हतं. त्यांच्यासाठी नव्या आणल्यात का, हे मामंजींनाच विचारायला हवं होतं. मामंजी समोर ओसरीवर होते, आत्याबाई विहिरीवर. सासऱ्याला हाक मारून विचारायची प्राज्ञा नव्हती. मी परातीकडं हात केला आणि म्हटलं, यातल्याच असतील, बघून घे.

लिंबाजीनं बघून घेतल्या. बैलांच्या मोठ्या शेंब्या बैलांना लावल्या आणि गोऱ्ह्यांच्या कोवळ्या शिंगांना बराबर बसतील अशा चार लहान शोधून काढल्या. माणूस कामाला चोख. चारही पुंगळ्यांची बुडं खिळ्यानं भोसकून त्यांत लाल गोंडे ओवले, कडा ठोकून शिंगावर बसवल्या आणि वरून लाखेनं पक्क्या केल्या. दुपारी मामंजी दारूची डबी घेऊन ओसरीवर बसले आणि त्यांनी पुंगळ्या मागितल्या. त्याच वेळी अंगणातून ते दोन गोऱ्हे डौलात चालत आले. चार पुंगळ्या उन्हात अशा चमकत होत्या की विचारू नका.

मामंजी ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गोऱ्ह्यापाशी गेले, एका पुंगळीला नखानं टिचकी मारली, गोऱ्ह्यानं मान उडवली. मग ते परत येऊन खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, "गेला मान." आत्याबाई पाण्याची दुसरी खेप घेऊन आलेल्या, त्या पदर तोंडाला लावून उभ्या. लिंबाजी रडायच्या घाईला आला. वेशीकडून हलगी ऐकू यायला लागली होती. मला त्या बसलेल्या माणसाकडं बघवेना. सहा वर्षांचा राग होता माझा, पण त्यांना असं खचलेलं बघायला मी तो जपून ठेवला नव्हता.

मी माजघरातून बाहेर आले, खांबाच्या पुढं गेले आणि मामंजींसमोर जमिनीवर बसले.

"मामंजी, खालची वाटी हाय की," मी म्हटलं.

आत्याबाईंच्या हातून घागर सुटायचीच बाकी राहिली. मामंजींनी माझ्याकडं असं बघितलं जणू खांबच बोलला. मी खालची वाटी पुढं ओढली आणि एक एक पुंगळी उचलून टिचक्या मारायला लागले. सहावी की सातवी हाताला आली ती अगदी पातळ, काठ वाऱ्यानं हलेल असा. नखानं वाजवली. आवाज बारीक पण अखंड, शेवटपर्यंत एकसारखा. मी ती त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती कानाशी धरून वाजवली, डोळे मिटले, पुन्हा वाजवली.

"ही मीच टाकून दिली व्हती?" ते म्हणाले.

"व्हय. मागल्या संक्रांतीला."

"काहून?"

"पत्रा पातळ म्हणून," मी म्हटलं.

त्यांनी डबी उघडली, पुंगळी भरली. दारूचा कण सांडला नाही.

वेशीत सारा गाव जमला होता. पाटील ठासणीची बंदूक भरून तयारच उभा होता, त्याच्या जोडीच्या पाठीवर नवी झूल होती. मी बायकांच्यात मागं उभी राहिले. दिवस कलला, मामंजींनी हात वर केला, आणि बार असा झाला की पिंपळावरचे सगळे पक्षी उडाले आणि पाटलाची जोडी झुलीसकट शेताकडं पळाली. आमची जोडी तोरणाखालून गेली आणि तिच्यामागून ते दोन गोऱ्हे, शिंगांवर मामंजींच्या जिवाचे चार तुकडे मिरवत. लोक हसत होते आणि मला पदराआड रडू येत होतं. मामंजींनी पुंगळी काढून बघितली. तिला चीर नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी बसले तर मामंजी माजघराच्या दारात आले. हातात खालची वाटी, रिकामी, धुतलेली. "सूनबाई," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच खांबाकडं न बघता म्हणाले, "ही सैपाकघरात ठेवा. तिचं काम न्हाई आता." त्या वाटीत मी पुढं लेकराला दूध पाजलं.

निजामाचं राज्य गेलं त्या साली गावोगावची हत्यारं जमा करायचा हुकूम आला. मामंजी रिव्हॉल्व्हर धोतरात गुंडाळून, पुंगळ्या पिशवीत घालून ठाण्यावर गेले. तिथल्या कारकुनाला त्यांनी एकेक पुंगळी वाजवून तिचं घराणं सांगायला सुरुवात केली. कारकून चांगला माणूस असावा, त्यानं चार-पाच ऐकल्या. मग सगळ्या एका गोणीत ओतल्या. मामंजी घरी आले. जेवताना एकदम म्हणाले, "समद्या एकाच गोणीत टाकल्या, सूनबाई." मी भाकरी वाढली. दुसरं काय करणार होते.

पण एक, ती पातळ, त्यांनी दिली नव्हती. पटक्याच्या आतल्या घडीत बांधून परत आणली होती. त्यानंतर दोन पोळे त्यांनी बघितले. बार नव्हता, हलगीवर बैल निघायचे, आणि मामंजी वेशीत उभे राहून सवयीनं उजवा हात जरा वर उचलायचे. जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी ती पुंगळी माझ्या हातावर ठेवली आणि नखानं वाजवून दाखवायला सांगितलं. मी वाजवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली.

आज माझं वय ऐंशीच्या वर गेलं. ती जाडजूड माणसं सगळी गेली, पाटील गेला, लिंबाजी गेला, आत्याबाई गेल्या. पातळ पत्र्याची मी तेवढी राहिले. दर पोळ्याला मी ती पुंगळी चिंचेनं घासते आणि नखानं वाजवते. कान आता मंद झालेत, म्हणून अगदी जवळ धरावी लागते. मग ती त्या खालच्या वाटीत ठेवते आणि वाटी देवापुढं. आणि मोठ्यानं म्हणते, "मामंजी, ऐकलं का." आता मला गप्प बसवणारं घरात कुणी नाही, आणि ज्यांच्यापुढं बोलायला मी सहा वर्षं थांबले ते तर केव्हाच गेले.