खळ्यावरची फुली

हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून तीर्थपुरीला परतल्यावर माझ्याशी फारसं कुणी बोलत नसे. मोजणीवाल्यांनी आमच्या खळ्यात खुंटी ठोकून तिच्याभोवती चुन्याची मोठी फुली काढली. विमानातून घेतलेले फोटो त्या खुणेवरून नकाशावर बसवायचे होते. त्यांची इंग्रजी चिठ्ठी मलाच वाचता आली, म्हणून फुलीची राखण माझ्याकडे आली. गावानं मला दिलेलं ते पहिलंच काम.

सुगी आली तशी काकूनं सगळं खळं शेणानं सारवून टाकलं.

"काकू, फुली!"

"मंग काय, फुलीवर रास लावू? जल्दी पाणी आण, मडमे!"

तेवढ्यात विमान ऐकू आलं. कुंपणावर वाळत असलेल्या माझ्या दोन पांढऱ्या साड्या मी खुंटीवर आडव्या-उभ्या अंथरल्या. विमान सरळ निघून गेलं. फोटोत माझी फुली आली का, हे कुणाला विचारावं, मला आजही ठाऊक नाही.