उठून उभं राहणं

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या ऑफिसात काम शिकायला आलेली रेश्मा पालिकेच्या शाळेतली. कुणीही आत आलं की ती वर्गात बाई आल्यासारखी उठून उभी राहायची, अगदी शिपाई आला तरी.

"अगं, बसून राहा. उद्या कॉलेजच्या मुलाखतीत हसतील तुला," मीच तिला बजावलं.

महिनाभरात सवय मोडली. पुढे जायला शिकवताना आपण पोरांना काय काय सोडायला लावतो, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

शेवटच्या दिवशी तिची आई चपला बाहेर काढून दाराशी आली. रेश्मानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं.

"बसा ना," मी आईला म्हणालो.

"नको साहेब, बरी आहे."

लेकीचं काम संपेपर्यंत ती तिच्याकडे कौतुकानं बघत उभीच राहिली.