अर्जावरचं पहिलं नाव

अर्ज मी लिहिला. चिकूच्या वाडीत, म्हणजे बागेत, फळं निवडणाऱ्या आम्हा बायकांत दहावीपर्यंत गेलेली मी एकटीच, आणि त्याचा मला भलताच तोरा होता. लॉकडाऊनमध्ये चिकूचे ट्रक थांबले, फळ झाडाखाली पडून कुजलं, आमचं काम सुटलं. पाड्यावर कितीतरी घरांना रेशन कार्डच नव्हतं. भाताची पेज झाली, आणि पेजही पुढे इतकी पातळ की तिच्यात भांड्याचा तळ दिसायचा.

संघटना करू या, हे काकीनं सुचवलं. काकी म्हणजे माझी शेजारीण, आमच्यात सगळ्यांत मोठी, एकटी राहणारी. हातात धरल्याबरोबर चिकू लहान की मोठा, कच्चा की पिकला हे ओळखायला तिनंच मला शिकवलेलं. माहेर तलासरीचं; तिकडे मोर्चा म्हणजे घरचंच लग्न. म्हणाली, "एकेकटी गेलीस तं हाकलतील. सगळ्या जाऊ."

अर्जात दोनच गोष्टी होत्या. कार्ड नसलं तरी धान्य द्या, आणि संघटना केली म्हणून कोणाला कामावरून काढू नका. खाली नावं लिहिताना मी विचारही केला नाही. आमच्याकडे नव्या भाताचा घास असो की लग्नाची बोलणी, मान आधी मोठ्यांचा. मी काकीचं नाव सगळ्यांत वर घातलं. तिनं अंगठा उठवला. माझं नाव शेवटी. एक कागद डहाणूच्या तहसील कचेरीत दिला, आणि चोरून काही नको म्हणून दुसरा वाडीच्या मालकाला. कसला हा शहाणपणा!

चार दिवसांनी वाडीच्या फाटकावर मालकाकडून तांदूळ-डाळीच्या पिशव्या आल्या. मुकादमाच्या हातात आमचा अर्ज. पहिलं नाव जिचं तीच पुढारी, अशी त्याची समजूत.

"बाकीच्या भोळ्या आहेत, म्हातारीनं भरीस घातलंय. तिनं अर्ज मागे घेतला तर तिलाही पिशवी, कामही."

नाव मी वर घातलं, एवढंच मला म्हणायचं होतं. मी बायकांच्या मागे सरकले. घरी दोन लेकरं होती हे खरं, पण मी घाबरले हे त्याहून खरं. काकी म्हणाली, "दिलेला अंगठा मागं नाय घेत मी," आणि तोंडाला पदर लावून चालू लागली. पिशव्या आम्ही सगळ्यांनी घेतल्या. एकीनंही नको म्हटलं नाही.

संध्याकाळी मी भात शिजवून तिच्याकडे नेला. कोपऱ्यात बियाण्याची कणगी होती, पण बी कोणी खात नाही. तिची चूल थंड होती.

"चुकलं माझं, काकी."

तिनं थाळी माझ्याकडेच सरकवली. "आधी तू खा. लिवलंस तू."

तो टोमणा होता की माया, मला आजही कळलेलं नाही. मी एक घास खाल्ला. मग ती जेवली.

वाडी पुन्हा सुरू झाली, पण काम तिला परत मिळालं नाही. मी नेत राहिले, पण लेकरांच्या ताटातून किती निघणार? दुसऱ्या लाटेत तिला ताप आला. अंगात काही उरलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी गेली.

यंदा वाडीतून दोघींना काढलं, म्हणून पुन्हा अर्ज झाला. मी कागद पुढे ओढला आणि पहिलं नाव माझं लिहिलं.

"आधी मोठ्यांचं घाल ना," एकजण म्हणाली.

मी म्हटलं, "मोठी गेली."