अण्णांचं फायबर कार्डांचं खोकं

जुन्या ऑफिसचे किस्से घरातल्या जुन्या वायरींसारखे असतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही, तरी साठतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात!

आमच्या टॉवेल कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही तिघं. साहेब म्हणजे बसवराज अण्णा, विणकर घरातला श्रीनू आणि मी. कारखान्याचं सगळं काम क्लाउडवर गेलं, सर्व्हर रूमला कुलूप लागलं आणि अण्णा त्याच महिन्यात रिटायर झाले.

निरोपाला मालक म्हणाले, "अण्णा, काय पाहिजे ते मागा!"

अण्णांनी शाल-नारळ बाजूला ठेवला आणि कोपऱ्यातलं खोकं मागितलं. त्यात वीस फायबर कार्डं होती. दोन सर्व्हर काचेच्या बारीक तारेनं जोडणारी, उजेडावर चालणारी. आम्हीच बसवलेली आणि शेवटी आम्हीच काढलेली. 

खोकं मांडीवर घेऊन अण्णा रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, "कडक भाकऱ्या हायत का काका? लई जपून धरलंय!"

अण्णा म्हणाले, "भाकरी मोडली तर आमटीत चुरता येती. हे मोडलं तर कशात चुरू?"

* * *

खोकं गेलं जुळे सोलापुरात, अण्णांच्या घराच्या वरच्या खोलीत. तिथं दोन जुने कॉम्प्युटर मांडून अण्णांनी 'लॅब' उभी केली. पंचाईत एवढीच, की त्या खोलीवर अण्णांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वैनींचाही डोळा होता. वैनींची शेंगाचटणी पार पुण्यापर्यंत जाते आणि पाकिटं भरायला त्यांना जागा पुरत नव्हती.

वैनींनी आमच्या देखत सुनावलं, "दिवाळीपातूर ह्या कार्डांचा एक तरी उपयोग दाखवा. न्हाय तर खोकं भंगारात आन् खोली चटणीला!"

अण्णांनी शब्द दिला. तेव्हापासून आम्ही दर रविवारी उपयोग शोधायला जमू लागलो.

* * *

पहिल्या रविवारी दोन्ही कॉम्प्युटरला एकेक कार्ड लावलं. मधे दोन हात तार. अण्णांच्या मुलीच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ डोळ्याचं पातं लवायच्या आत इकडून तिकडे! अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले. सर्व्हर रूममध्ये पहिल्यांदा लिंक लागली तेव्हाही असेच उठले होते.

वैनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "ह्या टेबलावरून त्या टेबलावर जायचं. त्याला एवढी घाई कशाला?"

* * *

मग मी एक कार्ड आठवडाभरासाठी माझ्या फ्लॅटवर नेलं. वाटलं, निदान घरचं इंटरनेट तरी पळेल. ते जसं रांगत होतं तसंच रांगत राहिलं.

श्रीनू बघायला आला आणि हसत सुटला. "आरं, नळाला पानी चार दिवसाआड, आन् तू पाइप लावलाय धरनाचा!"

* * *

उन्हाळ्यात वेगळीच तऱ्हा. ही कार्डं भयंकर तापतात. सर्व्हर रूममध्ये त्यांना एसी होता, आम्ही तिथं स्वेटर घालून बसायचो. काय दिवस होते! इथं अण्णांनी घरातला एकुलता एक कूलर कार्डांकडे वळवला. कार्डं गारव्यात, आम्ही तिघं घामात.

कॉम्प्युटरच्या मागून मात्र गरम झळ येत होती. श्रीनूनं वैनींच्या कुरडयांचं ताट तिथं नेऊन ठेवलं. संध्याकाळपर्यंत कुरडया खडखडीत वाळल्या! अण्णांनी विजयी मुद्रेनं ताट खाली नेलं. "घे! उपयोग!"

वैनी म्हणाल्या, "गच्चीवर ऊन फुकट हाय की!"

* * *

आता खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी मागाबरोबर सर्व्हरचीही पूजा व्हायची. ती रीत अण्णांनी सोडली नाही. वीसच्या वीस कार्डं पाटावर मांडली, हळदकुंकू, झेंडूची फुलं, सगळं साग्रसंगीत.

पुढच्या रविवारी लिंक लागेना. तार बदलली, कॉम्प्युटर बदलला, श्रीनूनं टेबलाखाली झोपून प्लगसुद्धा तपासले. तासाभरानं मी टॉर्च धरून कार्डाच्या तोंडात डोकावलो. आत कुंकू!

हेच अण्णा आम्हाला वीस वर्षं बजावत आले, "कार्डाच्या तोंडात धुळीचा कण गेला, तर उजेड अडतो!" आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो.

अण्णा शांतपणे म्हणाले, "कण न्हाय गेला. चिमूटभर गेलंय."

* * *

दिवाळी आली. उपयोग सापडला नव्हता.

अण्णा दिलेल्या शब्दाला पक्के. वसुबारसेच्या सकाळी त्यांनीच भंगारवाल्याला बोलावलं. आम्ही दोघं मदतीला होतो, पण खोकं त्यांनी कुणाला उचलू दिलं नाही. स्वतः जिन्यावरून खाली आणलं, उन्हाळाभर कार्डांसाठी राबून मोडलेल्या कूलरशेजारी गाड्यावर ठेवलं आणि पाठ फिरवून तुळशीला पाणी घालू लागले. तांब्या रिकामा झाला तरी घालतच होते. मला त्यांच्याकडे बघवेना. श्रीनू उगीच चपला शोधत होता.

वैनी पीठमाखल्या हातानं दारात आल्या. अण्णांच्या पाठीकडे बघितलं, मग गाड्याकडे.

"कूलर घेऊन जा बाबा," त्या भंगारवाल्याला म्हणाल्या. "ते खोकं ठेव खाली."

अण्णा वळले. "अगं, आन् चटणी?"

"जिन्यात बसून भरते की!"